वाचून दिलेले टायर

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

गेल्या रविवारच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की गाडी घेतल्यापासून तीन महिन्यांत मी एकदाही ऐंशीच्या वर गेलेले नाही. हे खोटं आहे. मी त्र्याऐंशीपर्यंत गेले आहे, आणि बहुधा रोज.

काटा ऐंशीच दाखवत होता. पण काटा गाडीच्या मूळ चाकांप्रमाणे बसवलेला असतो. मूळ चाक सोळा इंची, टायर १९५/५५. म्हणजे रुंदी एकशे पंच्याण्णव मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या पंचावन्न टक्के. असं चाक टायरसकट ६२१ मिलिमीटर उंच भरतं. माझ्या आधी ही गाडी पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे होती. त्यांनी शोभेसाठी सतरा इंची चाकं आणि २१५/५० टायर घातले. ते भरतं ६४७. म्हणजे दर फेऱ्याला गाडी चार टक्के जास्त पुढं जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. मी बारावीला गणित शिकवते. हा हिशेब तीन महिने सुचला नाही, ही दुसरी चूक.

गाडी लाल आहे, छोटी आहे, तिच्या इंजिनाला टर्बो आहे. मंगळवेढ्याच्या पुढं नऊ किलोमीटरवर माझं ज्युनिअर कॉलेज आहे. सोलापूरहून तिथं रोज जाऊन येण्यासाठी टर्बोची गरज नव्हती. मला ती आवडली. घरी मात्र 'चांगल्या स्थितीत मिळाली' एवढंच सांगितलं आहे. गाडी घेताना अप्पांना गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शब्द दिला होता, ऐंशीच्या वर जाणार नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील, रेवणप्पा. संध्याकाळी ते दुकानातून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते पायरीवर बसून पाय धूत होते. म्हणाले, "ते चाकाचं पाप गं तायी. तुझ्या नावावर कशाला लिहितीस?"

मी म्हटलं, चाक फिरत होतं, पण गाडी मी चालवत होते.

"मग अर्धं अर्धं घ्या वाटून," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसरी गोष्ट. पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीला फुगा आला आहे. गुरुवारी कॉलेजच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटला. अप्पांनी अंधारातच हात फिरवून सांगितलं, हा टायर कधीही जाईल, उद्या त्या जागी दुकानातला त्याच मापाचा जुना तात्पुरता चढवू. बाकीचे तीनही झिजलेत. चारही बदलायचे. आता कुठल्या मापाचे घ्यायचे, हे ठरवायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर दुकानात होते. अक्कलकोट रोडला बत्तीस वर्षं आमचं टायरचं दुकान आहे. पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी लोक त्याला वाचून देणाऱ्याचं दुकान म्हणतात. टायरच्या भिंतीवर माप असतं, आणि एका कोपऱ्यात चार बारीक आकडे असतात. पहिले दोन म्हणजे टायर वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला, नंतरचे दोन म्हणजे साल. अप्पा प्रत्येक टायर गिऱ्हाइकासमोर आडवा ठेवतात आणि हे सगळं मोठ्यानं वाचतात. "एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, आर सोळा. आठवडा बत्तीस, साल पंचवीस." मगच टायर चाकावर चढतो. काही म्हातारी गिऱ्हाइकं वाचून झाल्यावर हात जोडतात.

माझी पहिली शाळाही तीच. सातव्या वर्षापर्यंत मला दम्यामुळे शाळेत घातलं नव्हतं. मी दुकानात बसायचे. अप्पा टायर पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "ओदु." घरी आम्ही कन्नडही बोलतो. ओदु म्हणजे वाच. इंग्रजीतलं मला आलेलं पहिलं अक्षर R. शाळेत प्रवेशाच्या वेळी बाईंनी विचारलं, एबीसीडीतलं पहिलं अक्षर कोणतं, तर मी खात्रीनं R सांगितलं होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.

तर माझ्यापुढं तीन मापं आहेत. सतरा इंची चाकं तशीच ठेवून २०५/४५: उंची ६१६, काटा जवळपास बरोबर, पण भिंत बुटकी. मूळचं सोळा, १९५/५५. किंवा पंधरा इंची, १८५/६५: उंची ६२१.५, भिंत सगळ्यांत उंच.

अप्पांचं मत पंधरा. भिंत उंच असली की खड्डा टायर सोसतो, माणसाला सोसावा लागत नाही. धुळामामा आमच्याकडे बावीस वर्षं टायर काढतात-बसवतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, सतराचं चाक म्हंजी पाटलाची मिशी. लई झ्याक दिसती, पर जेवताना मधी येती."

मला सोळा हवेत. पंधरानं गाडी वळणावर जरा डुलेल असं वाटतं. मी वळणावर कधीच वेगानं जात नाही, तेव्हा या मुद्द्याला अर्थ नाही. तरीही सोळाच हवेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अप्पांनी पुन्हा माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली आहे. सकाळी पेपर पुढं टाकतात, "ओदु." औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, "ओदु." काल फोनवर आलेला निरोप मला वाचायला लावला आणि वर म्हणाले, चांगलं वाचतीस की. मी सव्वीस वर्षांची आहे आणि एम.एस्सी. आहे. त्यांना माझा भरवसा वाटेनासा झाला असावा. ऐंशीचा शब्द मोडल्यापासून हे वाढलं आहे का, ते मोजायला हवं होतं. मोजलं नाही.

शिवाय त्यांनी स्कूटर बंद केली आहे. चालणं तब्येतीला बरं, म्हणतात. अव्वा म्हणते उन्हाळ्यापासून त्यांना हे खूळ लागलं आहे. संध्याकाळी मी त्यांना गाडीतून घरी आणते. काल म्हणाले, हल्ली गाड्यांचे दिवे फार पसरट करतात, समोरून सूर्यफूल आल्यासारखं वाटतं. मी नव्या दिव्यांच्या रचनेबद्दल वाचलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

कपाळावरच्या विभूतीची तीन बोटं आज जरा डावीकडं गेली होती. घाईत असतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

भीमाशंकर नावाचा एक जण अक्कलकोटपर्यंत वडाप चालवतो. एका जीपमध्ये बारा-चौदा माणसं. तो पुढचे दोन टायर घ्यायला आला. अप्पांनी उजव्या मांडणीतून दोन टायर घेतले. आमच्याकडे उजव्या मांडणीत नवा माल असतो आणि डावीकडं कंपनीला परत पाठवायचा जुना. अप्पांनी टायर आडवा ठेवला, वाकले, बोट फिरवलं आणि वाचलं, "आठवडा छत्तीस, साल पंचवीस." दुसऱ्याचंही तेच.

मी तिथंच खाली बसून टायरच्या नक्ष्या बघत होते. माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर टायरवर ११२२ होतं. अकरावा आठवडा, साल बावीस. दोन्हींवर.

भीमाशंकर म्हणाला, "मालक, तुमी वाचलं म्हंजी बगायचं काम न्हाय." धुळामामांनी टायर चढवले. जीप गेली.

मी काही बोलले नाही. का बोलले नाही, याचं एकच कारण प्रामाणिकपणे लिहिता येतं. बोलले असते तर ते खरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अप्पांनी साडेतीन वर्षांपूर्वीचे टायर नवे म्हणून दिले. ते खोटं बोलले. इतकं वाक्य लिहायला आज अख्खा तास लागला. आज दोन तास शिकवले. दोन्ही वर्गांत एकच उदाहरण सोडवलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजातून येताना सात रस्त्याजवळच्या एका नव्या शोरूममध्ये गेले. मालक ऋतुराज शाळेत माझ्या एक वर्ष पुढं होता. तिथं टायर काचेआड ठेवले आहेत आणि बसायला सोफा आहे. मला चोरी करायला आल्यासारखं वाटत होतं. अप्पांची मुलगी टायर घ्यायला दुसरीकडं, हे त्याच्याही लक्षात आलं. त्यानं चहा मागवला आणि फक्त एवढंच विचारलं, "घरी बोलाचाली झाली का?"

मी म्हटलं, मला फक्त तुलना करायची आहे.

त्याला मी सतरा इंची घ्यावेत असं वाटतं. लाल गाडीला बारीक चाक म्हणजे शालूवर चप्पल, असं म्हणाला. मी सोळाच म्हटलं. मग त्यानं सगळ्या ऋतूंसाठीचा एक टायर दाखवला. त्याच्या भिंतीवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी कोरलेली आहे. मी म्हटलं, आपल्याकडे एक उन्हाळा, दुसरा उन्हाळा आणि मध्ये थोडा चिखल एवढेच ऋतू असतात, बर्फ कशाला? तो म्हणाला, बर्फासाठी केलेला टायर चिखलालाही चालतो. हे पटलं, पण बेचाळीस अंश तापलेल्या डांबरावर त्याचं रबर लवकर झिजेल का, असं विचारलं. झिजेल, म्हणाला. खरं सांगितलं म्हणून मला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं.

दुसरा टायरही सगळ्या ऋतूंचाच, पण चांदणी नसलेला, जरा कडक. त्याची नक्षी बाणासारखी एका दिशेनं आहे. पाणी दोन्हीकडं फेकण्यासाठी. तो एकाच दिशेनं फिरवायचा असतो आणि भिंतीवर तसा बाण असतो. हा मला आवडला.

निघताना त्र्याऐंशीचा हिशेबही बिघडला. ऋतुराज म्हणाला, कंपनीचा काटा मुळातच खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, फोनच्या जीपीएसवर ताडून बघ.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावस्या

ताडून बघितलं. चालवताना फोन बघता येत नाही, म्हणून आमच्या इंग्रजीच्या सुकन्या मॅडमना शेजारी बसवून त्यांना आकडे मोठ्यानं वाचायला सांगितलं. काटा ऐंशीवर असताना फोन एकोणऐंशी ते ऐंशी दाखवतो. म्हणजे काट्याची चूक आणि चाकाची चूक एकमेकींना खाऊन टाकत होत्या. मी शब्द मोडला नव्हता. ८ तारखेची दुरुस्ती रद्द.

हे अप्पांना सांगितलं. म्हणाले, "मग आता चाकाचं अर्धं पाप बी माफ कर."

अमावस्या म्हणून दुकानात पूजा होती. आमच्यात गाड्यांची पूजा अमावस्येलाच करतात. अप्पांनी माझ्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली. पुढच्या उजव्या चाकाचं लिंबू चाकापासून वीतभर दूर होतं. मी गाडी पुढं घेतली, तीनच फुटली. धुळामामांनी चौथं गुपचूप पायानं सरकवलं. मी ते बघितलं, पण माझं मन पूजेत नव्हतं. गिऱ्हाइकांना फसवणारा माणूस लिंबं कसली ठेवतो, असा विचार मनात आला. अप्पांबद्दल असा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवसांत भीमाशंकरची जीप तीनदा दिसली. एकदा टपावरही माणसं होती. टायर न वापरलेले होते, ते आज-उद्या फुटतीलच असं नाही. पण फुटणार नाहीत म्हणून खोटं खरं होत नाही.

अप्पांना विचारायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा त्यांनी काहीतरी वाचायला दिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ऋतुराजकडे चार टायर सांगून आले. सोळा इंची, १९५/५५, बाणाचे. मूळ मापाची वापरलेली चार रिमं त्यानं शोधून दिली, माझी सतराची तो ठेवून घेणार. टायरवरचे आकडे मी स्वतः गुडघे टेकून वाचले: ३८२५, चारही.

घरी सांगितलं. अव्वा पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. अप्पा म्हणाले, "दुकान चांगलं हाय त्याचं. उजेड लई हाय म्हणतात."

मी ताटं मांडली.

"घे की. पण चढवायचे आपल्याकडं. पोरीच्या चाकाला मी दुसऱ्याचा हात लावू देणार न्हाय."

त्यांनी का असं विचारलं नाही. मला वाटतं कारण त्यांना माहीत आहे. मी ते ११२२ वाचलं होतं हे त्यांना माहीत आहे.

७ डिसेंबर, रविवार

आज टायर चढले. धुळामामा भाचीच्या लग्नाला गावी गेले आहेत, म्हणून अप्पांनी एकट्यानं काम केलं. मी मदत करू का म्हटलं, तर मला बाकावर बसवलं. ते मशीनवर रिम ठेवतात, साबणाचं पाणी लावतात, आणि टायरची कड आत घसरते तेव्हा मान वळवून ऐकतात. लहानपणापासून बघते आहे. अजूनही बघत राहावंसं वाटतं.

चढवण्याआधी त्यांनी प्रत्येक टायर वाचला. मुलीला सुद्धा वाचूनच. "एकशे पंच्याण्णव, पंचावन्न, आर सोळा. आठवडा चाळीस, साल पंचवीस."

अडतीस. मी स्वतः वाचले होते, अडतीस.

दोन आठवड्यांचा फरक. माझा माल, दुसऱ्याच्या दुकानातला. यात कुणाला काय मिळालं?

८ डिसेंबर, सोमवार

कॉलेजच्या आवारात गाडी लावली आणि चाकांभोवती फिरले. उजवीकडचे दोन्ही बाण पुढं. डावीकडचे दोन्ही बाण मागं. चारही टायर एकाच बाजूनं चढवले आहेत.

बत्तीस वर्षांत अप्पांनी बाण उलटा बसवलेला नाही. पहिल्यांदा वाटलं, ही माझी परीक्षा असेल, मला दिसतं का ते बघत असतील. हा विचार मधल्या सुट्टीपर्यंत टिकला. मग वर्गात फळ्यावर एक उदाहरण लिहीत होते आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा डोळे बारीक करून मान तिरकी करत होता. त्याला पुढं येऊन बस म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, आलो तरी तसंच दिसतंय.

मी खडू खाली ठेवला.

खोटं बोलणाऱ्याला काहीतरी मिळतं. चाळीस म्हणून अप्पांना काही मिळालं नाही. उलटा बाण लावून काही मिळालं नाही. आणि स्वतःच्या मुलीची चाकं.

१७ नोव्हेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे, 'ते खोटं बोलले.' हे चूक आहे. त्यांना दिसत नाही. ते आठवणीतून आणि अंदाजानं बोलतात.

पेपर, गोळ्यांचं पाकीट, स्कूटर, दिवे, विभूती, लिंबू. सगळं माझ्याच अक्षरात वर लिहिलेलं आहे. मी कशाकशाची गोळाबेरीज करत बसते, आणि हे करायचं राहिलं.

१० डिसेंबर, बुधवार

धुळामामा गावाहून आले. कॉलेज सुटल्यावर थेट दुकानात गेले. अप्पा देवळात गेले होते. मी मामांना बाण दाखवले. ते खाली बसले, टायरवर हात ठेवला.

"उन्हाळ्यापासनं दिसंना झालंय मालकास्नी. उजव्या डोळ्यात तर निस्ता धूर. मला बिरोबाची आण घातलीया, कुणाला बोलायचं न्हाय म्हणून. आता तुमीच बगितलं, म्या बोललो न्हाय."

मी म्हटलं, तुम्ही बोलला नाहीत. मग भीमाशंकरचे टायर विचारले. मामांना लिहिता-वाचता येत नाही. ते म्हणाले, नवा माल आला की मालक कंपनीच्या माणसाला आठवडा विचारून घेतात, पाठ करतात आणि तेच वाचतात. माल चुकू नये म्हणून नवा कायम उजवीकडं, जुना कायम डावीकडं. दोघांचं त्यावरच चाललं होतं.

उजव्या मांडणीत आणखी दोन टायर होते. मी वाचले. ११२२. डावीकडचे वाचले. ३६२५.

दिवाळीत भिंतीला चुना लावायला दोन्ही मांडण्या बाहेर काढल्या होत्या. परत लावताना त्या एकमेकींच्या जागी गेल्या. या मांडण्यांत जीपचंच माप असतं, आणि त्यानंतर या मापाचं गिऱ्हाईक एकच आलं. मामांनी ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"आरं द्येवा. म्हंजी म्याच लावली की मांडणी."

मी म्हटलं, अप्पांना दिसत असतं तर चाललं असतं. हे सांत्वन म्हणून वाईट होतं. मामांनी मशीन चालू केलं आणि माझ्या डाव्या बाजूचे टायर उलटवून दिले. अप्पा यायच्या आत झालं.

१४ डिसेंबर, रविवार

चार दिवस काहीच केलं नाही. नवे टायर चांगले आहेत. आवाज कमी, वळणावर गाडी डुलत नाही. कॉलेजच्या रस्त्यावर जरा कडक लागतात. अप्पांचं पंधराचं म्हणणं त्या नऊ किलोमीटरांपुरतं बरोबर होतं.

मला काय सांगायचं आहे ते माहीत आहे. अप्पांना कुठल्या वाक्यात सांगायचं, ते माहीत नाही. बत्तीस वर्षं ज्यांच्या तोंडचा आकडा लोक न बघता घेतात, त्यांना 'तुम्हाला दिसत नाही' हे वाक्य म्हणायचं. डॉक्टरकडे नेलं तर कदाचित साधा मोतीबिंदू असेल आणि सगळं सरळ होईल. किंवा नसेल. मी दोन्ही उत्तरं रोज काढते.

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळा अमावस्या

मंद्रूपजवळ काकांच्या शेतावर गेलो होतो. या दिवशी निम्मं सोलापूर शेतात जेवतं. कडब्याच्या खोपीत पाच दगडांची पूजा झाली, आंबील शिंपडत ज्वारीला फेरी झाली. अप्पा फेरीत माझा खांदा धरून चालले. लोकांना वाटलं असेल, बाप-लेकीचं प्रेम. तेही होतं.

जेवणं झाल्यावर सगळे पांगले. अप्पा आणि मी खोपीजवळ बसलो. मिसळ पालेभाज्यांची भज्जी फार खाल्ली होती. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "डावी चाकं उलटवून घेतलीस."

मी विचारलं, धुळामामांनी सांगितलं का?

"तो कशाला सांगतोय? देवळातनं आलो तर साबणपाण्याचा वास येत होता. त्या दिवशी गिऱ्हाईक न्हवतं." मग म्हणाले, "उलटी होती न्हवं?"

मी होय म्हटलं. ते ज्वारीकडं बघत होते. तिकडं तोंड होतं एवढंच म्हणता येईल.

मी विचारलं, डॉक्टरकडे का गेला नाहीत?

"डॉक्टरनं दिसत न्हाय म्हटलं, की मग मला म्हाईत असून दिल्यासारखं होतंय, तायी. तवर मी निस्ता अंदाजानं चालतोय. अंदाजाला पाप न्हाय."

ही युक्ती माझीच आहे. १६ नोव्हेंबरच्या नोंदीत मी हेच लिहिलं आहे, जवळजवळ याच शब्दांत. मला वाटायचं माझा काटेकोरपणा कॉलेजात आला. तो कुठून आला ते आज कळलं, आणि त्यातली पळवाटही तिथूनच आली.

मग मी भीमाशंकरचं सांगितलं. मांडण्या, चुना, ११२२, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. अप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"त्याच्या गाडीत बायामाणसं असतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, टायर वापरलेले नव्हते.

"मी पंचवीस म्हणून दिलाय." ते उठायला लागले, मी हात दिला. "आधी त्याचे टायर बदलायचे. त्याच्यासमोर सांगायचं, चूक वाचला म्हणून. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडं. आधी डॉक्टर न्हाय."

मी विचारलं, सांगणार कोण?

ते म्हणाले, "मी सांगीन. पण नवा टायर वाचायला तुला लागंल."

परत येताना काटा सत्तरवर ठेवला होता. अप्पांनी एकदाही वेग विचारला नाही. अव्वा मागं बसून सगळं ऐकत होती की झोपली होती, ते कळलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, डॉक्टरकडे जायचं तर धोतर इस्त्रीचं हवं. तिला कोण बोललं, हे मी विचारलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

भीमाशंकरला फोन केला. दुकानातून रेवणप्पांची मुलगी बोलते म्हटल्यावर तो आधी घाबरला, काही राहिलं का म्हणाला. मी म्हटलं, तुझं काही नाही, आमचं राहिलं आहे, सोमवारी सकाळी नऊला जीप घेऊन ये, एक फेरी बुडेल. तोवर टपावर माणसं बसवू नको, असंही सांगितलं. तो म्हणाला, मालकांनी बोलावलंय तर येतोच की. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण ते अप्पांना सांगायचं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांची साडेअकराची वेळ घेतली.

नऊच्या वेळेला दुकानासमोर गर्दी असते. हवा भरायला येणारे, चहावाले, बाजूचे दुकानदार. त्या सगळ्यांसमोर अप्पा म्हणणार की मी चुकीचा वाचला. मग मी टायर वाचणार, आणि लोक अप्पांकडं न बघता माझ्याकडं बघणार. हे टळावं म्हणून भीमाशंकरला सात वाजता बोलवावं असं मला वाटलं होतं. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, नऊ.

दुपारी कॉलेजात रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात आधी 'घरगुती' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. तरी खोडलं, आणि शेजारी सही केली. आता अर्ज असा आहे. कारण: वडिलांचे डोळे. दिनांक: २२ डिसेंबर २०२५, सोमवार. पूर्ण दिवस.